टेम्पलर हे नाव नेमकं कुठल्या देवळावरून पडलं?

ऑर्डर म्हटलं की आपल्याला हुकूम आठवतो, नाहीतर हॉटेलातली ऑर्डर, पण मध्ययुगातल्या युरोपात ऑर्डर म्हणजे एका नियमाने बांधलेला पंथ, आपल्याकडे साधूंचा आखाडा असतो ना साधारण तसा. टेम्पलर हा अशाच लढवय्या ख्रिस्ती पंथांपैकी एक: लग्न नाही, स्वतःच्या नावावर काही नाही, आणि तरी घोड्यावर बसून तलवार चालवायची.

मला यात सगळ्यात भारी वाटतात ती त्यांची नावं, कारण टेम्पलर, हॉस्पिटलर आणि ट्युटॉनिक या तीन मोठ्या पंथांपैकी एकाच्याही नावात लढाई नाहीये, तिन्ही नावं चक्क इमारतींची आहेत.

टेम्पलर घ्या. 1119 च्या आसपास ह्यूग द पायेन या फ्रेंच सरदाराने काही साथीदारांसोबत जेरुसलेमच्या यात्रेकरूंना वाटेत सांभाळायची शपथ घेतली, राजा दुसरा बाल्डविन याने त्यांना राहायला जागा दिली ती अल अक्सा मशिदीत, कारण तेव्हा तिथेच त्याचा राजवाडा होता. क्रुसेडवाले, म्हणजे जेरुसलेमसाठी लढायला युरोपातून आलेले ख्रिस्ती, या मशिदीलाच सोलोमनचं मंदिर म्हणायचे. सोलोमन या ज्यू राजाचं खरं मंदिर बॅबिलोनवाल्यांनी इसवी सनाच्या कितीतरी आधी पाडलेलं. म्हणजे मशिदीत राहणाऱ्यांना नाव मिळालं देवळाचं!

हॉस्पिटलर त्याच्याही आधीचे, पोपची मान्यता 1113 ची. लॅटिनमध्ये होस्पेस म्हणजे पाहुणा, त्यामुळे हॉस्पिटल म्हणजे मुळात धर्मशाळाच, थकलेला यात्रेकरू आला की त्याला खाट आणि जेवण. आजारी माणसाला हे लोक आपला धनी मानायचे, त्यांच्या नियमातच तसं लिहिलेलं. तलवार नंतर आली.

आणि ट्युटॉनिक, म्हणजे जर्मन. पूर्ण नाव जेरुसलेममधलं जर्मनांचं सेंट मेरीचं घर, पण सुरुवात झाली 1190 मध्ये एकर नावाच्या बंदराच्या वेढ्यात, ब्रेमेन आणि ल्युबेकच्या लोकांनी जहाजाचं शीड ताणून तंबू केला आणि त्याखाली जखमींची सेवा सुरू केली.

पुढे टेम्पलरांकडे पैसा आणि जमिनी आल्या, तसा फ्रान्सचा राजा चौथा फिलिप त्यांच्यावर उलटला, 13 ऑक्टोबर 1307 ला धरपकड, 1312 मध्ये पोपने पंथच बंद केला. पोर्तुगालच्या दिनिश राजाने मात्र त्यांची मालमत्ता बाहेर जाऊ दिली नाही, 1319 मध्ये त्यातूनच नवा पंथ उभा राहिला, नाव ऑर्डर ऑफ क्राइस्ट. देवळाचं नाव गेलं, टेम्पलरांच्या झग्यावरचा लाल क्रॉस राहिला, आणि 1498 मध्ये वास्को द गामा कालिकतला आला तेव्हा त्याच्या शिडांवर हाच क्रॉस होता.