एचडीएमआय केबलचा दर्जा आणि लांबी: चित्रावर आणि आवाजावर नेमका काय परिणाम होतो?

नमस्कार. माझ्या हातात या क्षणी दोन एचडीएमआय केबल आहेत. एक साधी, पातळ आवरणाची आहे. दुसरी जाड, विणलेल्या वेष्टणाची, टोकांना सोन्याचा मुलामा दिलेली, आणि तिच्या खोक्यावर ‘अधिक गडद काळा, अधिक जिवंत रंग, अधिक भरदार आवाज’ असे आश्वासन छापलेले आहे. दोन्ही केबल आळीपाळीने त्याच प्लेअरला आणि त्याच टीव्हीला जोडल्या तर फरक दिसेल का, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर एका शब्दात देणे मला योग्य वाटत नाही, कारण केबलमुळे फरक पडू शकतो हे खरे असले, तरी तो फरक खोक्यावर छापलेल्या प्रकारचा कधीच नसतो.

रंग फिके किंवा गडद होण्याची समजूत मुळात निराधार नव्हती. अॅनालॉग जोडणीच्या काळात चित्र हे तारेतल्या विद्युतदाबाच्या चढउतारांतूनच जात असे. दाब थोडा कमी झाला की उजेड कमी होई, तारेत परावर्तन झाले की आकृतीशेजारी तिची सावली उमटे, आणि लांब तारेने बारीक तपशील पुसट होत. त्या काळात चांगली केबल म्हणजे चांगले चित्र, हे समीकरण बरोबर होते. एचडीएमआयचे पहिले मानक डिसेंबर २००२ मध्ये आले आणि या जोडणीत तारेतून चित्राऐवजी आकडे जाऊ लागले. जुनी समजूत मात्र तशीच पुढे चालत आली.

हे आकडे कसे जातात ते थोडे तपशिलात पाहू, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. नेहमीच्या एचडीएमआय टोकाला १९ पिना असतात. जुन्या पद्धतीत त्यांतील तीन जोड्या चित्राची माहिती नेतात आणि चौथी जोडी या तिघींना ताल देणारे घड्याळ नेते. प्रत्येक पिक्सेलच्या, म्हणजे चित्रातल्या एकेका ठिपक्याच्या, लाल, हिरव्या आणि निळ्या रंगासाठी ८ बिटांचा (बिट म्हणजे ० किंवा १) एकेक आकडा असतो आणि तो तारेवर जाताना १० बिटांच्या सांकेतिक रूपात बदलला जातो. सेकंदाला ६० चौकटी (फ्रेम) या वेगाच्या १०८०पी चित्रासाठी, दोन ओळींमधल्या आणि दोन चौकटींमधल्या मोकळ्या जागा धरून, दर सेकंदाला १४ कोटी ८५ लाख पिक्सेलांचा हिशेब पाठवावा लागतो, म्हणजे सुमारे ४.४६ गिगाबिट (एक गिगाबिट म्हणजे एक अब्ज बिट). त्याच वेगाच्या ४के चित्राला याच्या चौपट, म्हणजे सुमारे १७.८ गिगाबिट लागतात.

आता समजा, केबल कमकुवत आहे आणि वाटेत एखादा बिट चुकला. त्या १० बिटांच्या संकेतातला एक बिट बदलला की उलगडून निघणारा आकडा बहुधा मूळ आकड्यापेक्षा एकदम वेगळा असतो, त्यामुळे तो एक पिक्सेल त्या एका चौकटीपुरता भलत्याच रंगाने चमकून जातो. त्याने चित्र किंचित मंद होत नाही. संपूर्ण चित्रातला काळा रंग थोडा फिका पडायचा असेल, तर लाखो पिक्सेलांतल्या आकड्यांत एकाच दिशेने, सारख्याच प्रमाणात आणि प्रत्येक चौकटीत अचूक चूक व्हावी लागेल. शिवाय बहुतेक व्यावसायिक चित्रपट आणि कार्यक्रम तारेवरून जाताना कूटबद्ध असतात, म्हणजे तारेतून जाणाऱ्या बिटांचा दृश्यातल्या उजेडाशी थेट संबंधच उरलेला नसतो. केबलला काळा रंग कुठे आहे हे ठाऊक नसते, म्हणून ती तो गडदही करू शकत नाही. या एका मुद्द्यावर मी ठाम आहे.

मग कमकुवत केबलचे दोष दिसतात तरी कसे? सर्वांत आधी चमचमणारे ठिपके दिसतात, विशेषतः अंधाऱ्या दृश्यांत. दर एक अब्ज बिटांमागे केवळ एक चूक झाली, तरी १८ गिगाबिटांच्या वेगाला सेकंदाला १८ चुका होतात, आणि काळ्या पार्श्वभूमीवर तेवढ्या डोळ्यांना सहज दिसतात. चुका वाढल्या की ठिपक्यांच्या रेघा होतात, मग पडदा एकदोन सेकंद काळा होऊन परत येऊ लागतो, आणि अखेरीस ‘सिग्नल नाही’ ही सूचना येते. निर्दोष चित्र आणि काळा पडदा यांच्यातली पट्टी फार अरुंद असते. एखादी केबल आठ मीटरला बिनचूक चालते आणि त्याच बनावटीची बारा मीटरची केबल चालतच नाही, असे घडते ते त्यामुळेच. मी स्वतः एकदा दर काही मिनिटांनी काळा पडणाऱ्या पडद्यासाठी टीव्हीच्या सगळ्या सेटिंग उलटसुलट करून पाहिल्या होत्या, आणि शेवटी दहा मीटरची केबल काढून दोन मीटरची लावल्यावर तो दोष त्याच क्षणी थांबला.

लांबीमुळे असे का होते, हे मला या विषयातले सर्वांत सुंदर प्रकरण वाटते. तांब्याच्या तारेत वारंवारता जितकी जास्त, तितका प्रवाह तारेच्या पृष्ठभागालगत एकवटतो आणि रोध वाढतो. तारेभोवतीचे विद्युतरोधक द्रव्यही उच्च वारंवारतेची ऊर्जा अधिक शोषते. परिणामी बिटाच्या तीक्ष्ण कडा आधी झिजतात आणि एका बिटाची शेपटी पुढच्या बिटात मिसळते. ४८ गिगाबिटांच्या अतिवेगवान केबलमध्ये चार जोड्यांपैकी प्रत्येकीतून सेकंदाला १२ अब्ज बिट जातात. एका बिटाचे आयुष्य सुमारे ८३ पिकोसेकंद (एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग), आणि तेवढ्या वेळात संकेत तारेत जेमतेम दोन सेंटिमीटर सरकतो. म्हणजे पाच मीटरच्या केबलमध्ये, प्रत्येक जोडीत, कोणत्याही क्षणी अडीचशेच्या आसपास बिट एकामागोमाग वाटेवर असतात.

या मापावर पाहिले की केबलच्या दर्जाचा खरा अर्थ उलगडतो. प्रत्येक जोडीतल्या दोन तारा परस्परविरुद्ध संकेत नेतात आणि टीव्ही त्या दोघांमधला फरक वाचतो. त्यांतली एक तार काही मिलिमीटरांनी लांब असली, तर दोन सेंटिमीटरांच्या बिटातला मोठा वाटा तिथेच वाया जातो. जोडीचा प्रतिबाध, म्हणजे वेगाने बदलणाऱ्या संकेताला होणारा तिचा विरोध, सगळ्या लांबीभर १०० ओहमच्या आसपास राहावा लागतो आणि तो दोन तारांमधल्या अंतरावर अवलंबून असतो. म्हणूनच कपाटामागे चेपलेली किंवा काटकोनात दुमडलेली चांगली केबलही त्या जागी संकेताचा काही भाग मागे परतवते. तारांची जाडी, पिळाचा सारखेपणा आणि टोकाशी केलेली जोडणी यांत दर्जा असतो, आणि दुर्दैवाने यांतले काहीही बाहेरून दिसत नाही. सोन्याचा मुलामा संपर्काची जागा गंजू नये म्हणून उपयोगी आहे. त्याने संकेत सुधारतो असे म्हणण्याला मात्र काही आधार नाही, कारण सोने तांब्यापेक्षा कमी विद्युतवाहक आहे.

आता एका अशा परिस्थितीकडे येऊ जिथे केबलमुळे चित्र खरोखर खालच्या दर्जाचे होऊ शकते आणि पाहणाऱ्याला ते कळतही नाही. माझ्या मते या विषयावरच्या चर्चांमध्ये हीच बाब सर्वाधिक दुर्लक्षित राहते. २०१७ मध्ये आलेल्या एचडीएमआय २.१ मानकात वेगळे घड्याळ पाठवण्याची पद्धत बदलून चौथी जोडीही माहिती नेऊ लागली, त्यात चुका दुरुस्त करण्याची सोय आली, आणि दोन्ही उपकरणे चित्र सुरू होण्याआधी केबलची चाचणी घेऊ लागली. प्लेअर किंवा गेमिंग कन्सोल ठरावीक नमुने पाठवतो आणि टीव्ही ते नीट पोहोचले की नाही हे कळवतो. सर्वोच्च वेगाला ते पोहोचले नाहीत तर उपकरणे ४८ ऐवजी ४०, ३२ किंवा २४ गिगाबिटांवर, प्रसंगी त्याहूनही खाली उतरतात. सेकंदाला १२० चौकटींच्या १० बिट ४के चित्राला, रंगाची माहिती पूर्ण ठेवायची आणि दाबून लहान करायची नसेल, तर सुमारे ४० गिगाबिट लागतात. तेवढे मिळाले नाहीत तर उपकरण चौकटी कमी करते, रंगांच्या छटा कमी करते, किंवा चार पिक्सेलांमागे रंगाची एकच नोंद पाठवते. या सगळ्यात पडद्यावर एकही ठिपका चमकत नाही, आणि बहुतेकदा सूचनाही येत नाही.

म्हणून नवी केबल लावल्यावर टीव्हीच्या माहितीफलकावर येणाऱ्या संकेताचे रिझोल्यूशन, रिफ्रेश रेट (सेकंदाला किती चौकटी) आणि एचडीआरची (उजेड आणि रंगांच्या वाढीव व्याप्तीची) स्थिती जरूर पाहावी. निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल अक्षरे दाखवून पाहणे हीदेखील चांगली चाचणी आहे. अक्षरांच्या कडा धूसर दिसल्या तर रंगाची माहिती कापली जात असण्याची शक्यता असते. अशा वेळी केबल बदलून चित्र खरेच सुधारते, पण ते सुधारण्याचे कारण उपकरणांना आता हवा तो वेग मिळाला हे असते, केबलने रंगात काही भर घातली हे नसते.

आवाजाची गोष्ट यापेक्षा सोपी आहे. आवाजाची माहिती त्याच जोड्यांमधून, चित्राच्या मधल्या मोकळ्या जागांत, अधिक सुरक्षित सांकेतिक रूपात आणि चूकदुरुस्तीच्या बिटांसह पाठवली जाते. ८ चॅनेल, २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झ इतका मोठा आवाजही सुमारे ३७ मेगाबिटांतच मावतो, जो १७.८ गिगाबिटांच्या चारशेव्या भागापेक्षाही कमी आहे. त्यामुळे केबल अपुरी पडू लागली की आधी चित्र बिघडते, आवाज नंतर. आणि आवाज बिघडतो तेव्हा कट्‌ कट्‌ असा खटका येतो किंवा क्षणभर शांतता पसरते. खर्ज पातळ होणे किंवा तार स्वर बोचणे हे केबलच्या चुकांमुळे होत नाही. आवाजाच्या घड्याळातला सूक्ष्म कंप हा मुद्दा काही जाणकार मांडतात आणि तो तांत्रिकदृष्ट्या पूर्णपणे खोटा नाही, कारण एचडीएमआयमध्ये आवाजाचे घड्याळ चित्राच्या घड्याळावरून पुन्हा तयार करावे लागते. पण ते किती स्थिर होईल हे मुख्यतः घेणाऱ्या उपकरणाच्या मंडलावर (सर्किटवर) ठरते. ओठ आणि शब्द जुळत नसतील तर त्याचा दोषही केबलच्या लांबीकडे नाही. दहा मीटरच्या केबलमध्ये संकेताला सुमारे ५० नॅनोसेकंद लागतात, आणि ६० चौकटींच्या चित्रातली एक चौकट १ कोटी ६७ लाख नॅनोसेकंद टिकते.

टीव्हीकडून साउंडबारकडे आवाज परत नेणारी एआरसी आणि तिची सुधारित आवृत्ती ईएआरसी ही सोय मात्र वेगळ्या तारांवर चालते. ईएआरसीसाठी त्या तारांची जोडी नीट पिळलेली आणि आवरण असलेली हवी, म्हणून इथरनेट वाहिनी असलेली हाय स्पीड केबल किंवा त्यावरची श्रेणी वापरावी.

श्रेणींचा उल्लेख आलाच आहे तर तेही स्पष्ट करतो. ‘२.१ केबल’ ही भाषा मुळात चुकीची आहे; आवृत्तीचा क्रमांक उपकरणांच्या क्षमतांचा असतो, केबलला श्रेणी असते. हाय स्पीड १०.२ गिगाबिट, प्रीमियम हाय स्पीड १८ गिगाबिट आणि अल्ट्रा हाय स्पीड ४८ गिगाबिट वाहून नेते. शेवटच्या दोन श्रेणींच्या खोक्यावर पडताळणीचे लेबल असते आणि ते अधिकृत अॅपने तपासता येते. केबलची किंमत पाहण्यापेक्षा हे लेबल पाहणे कितीतरी अधिक उपयोगाचे आहे. अल्ट्रा हाय स्पीड श्रेणीत केबलमधून बाहेर पडणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरींचीही चाचणी होते, आणि केबल जोडल्यावर शेजारच्या स्ट्रीमिंग स्टिकचे वायफाय मंदावण्याचा अनुभव ज्यांना आला आहे, त्यांना या चाचणीचे मोल कळेल.

साध्या तांब्याच्या केबलसाठी लांबीचे ढोबळ अंदाज सांगायचे तर १०८०पी चित्र दहा मीटरपर्यंत चांगल्या केबलवर सहसा निर्धोक जाते, १८ गिगाबिटांना सात-आठ मीटरच्या पुढे अडचण सुरू होते, आणि ४८ गिगाबिटांना पाच मीटरपलीकडे साधी केबल शोधू नये. त्याहून लांब जायचे असल्यास प्रकाशतंतूची केबल घ्यावी. तिच्या टोकांतल्या चिप विद्युतसंकेताचे प्रकाशात आणि प्रकाशाचे पुन्हा विद्युतसंकेतात रूपांतर करतात. तिला दिशा असते, म्हणून ‘सोर्स’ लिहिलेले टोक प्लेअरकडे आणि ‘डिस्प्ले’ लिहिलेले टोक पडद्याकडेच लावावे लागते, आणि विकत घेण्याआधी ती ईएआरसी नेते का, हे पाहून घ्यावे.

भिंतीतून किंवा छतावरून प्रोजेक्टरपर्यंत केबल न्यायची असेल, तर ती आत घालण्याआधी जमिनीवर पूर्ण उलगडून, सर्वोच्च रिझोल्यूशनला, निदान तासभर चालवून पाहा. भिंतीतली नळी टोक सहज सरकेल एवढी रुंद ठेवा, तिला तीव्र वळणे देऊ नका आणि आत एक मोकळी दोरी सोडून ठेवा. २०२५ मध्ये आलेल्या एचडीएमआय २.२ मानकाने वेग ९६ गिगाबिटांवर नेला आहे, आणि आज घातलेली केबल कधीतरी त्या दोरीने ओढून बाहेर काढावी लागणार आहे.