धुराड्यातली ऊब

श्रोतेहो, नमस्कार. खोली ऊबदार ठेवणारी, लाकूड जाळायची दार लावलेली शेगडी रसरसून पेटली की तिचा धूर छपराबाहेर नेणाऱ्या पाइपाची धग हातभर अंतरावरूनही जाणवते. मग वाटतंच, एवढी ऊब छपरावाटे बाहेर कशाला घालवायची?

थोडी अडवता येते. खोलीतला पाइप एकेरी पत्र्याचा आणि उष्णता सोसणाऱ्या काळ्या, बिनचमकी रंगाचा असेल, तर तो चकचकीत पाइपापेक्षा कितीतरी जास्त ऊब खोलीत टाकतो. छताशी साचणारी गरम हवा छोट्या पंख्याने खाली आणली, तर तीही कामी येते. लाकडी भिंत मात्र अशा पाइपापासून निदान ४५ सेंटिमीटर लांब हवी.

इथवर ठीक. काही जण याच्याही पुढे जातात. पाइपात आडव्या नळ्या आणि पंखा असलेली पेटी बसवतात, किंवा पाइपच वळवून वळवून खोलीभर फिरवतात. मला हे पटत नाही. धूर वर चढतो तो गरम असतो म्हणूनच. त्याची उष्णता काढून घेतली की धुराची वरची ओढ मंदावते. धूर खोलीत उलटू लागतो आणि त्याच्यासोबत कार्बन मोनॉक्साइडही येतो. या वायूला ना रंग, ना वास. त्याची सूचना देणारा अलार्म घरात हवाच.

दुसरी गोष्ट क्रिओसोटची, म्हणजे पाइपात साचणाऱ्या डांबरी थराची. धूर साधारण १२० अंश सेल्सिअसच्या खाली उतरला की त्यातली वाफ आणि डांबरी द्रव्यं पाइपाला आतून चिकटतात. हा थर कधी पेटला, तर धुराड्यातली आग १,००० अंशांच्याही वर जाते!

खरी कमाई पाइपाच्या अलीकडे, शेगडीतच आहे. धूर म्हणजे न जळलेलं इंधन, आणि तो पुरता जळायला आत सुमारे ६०० अंश तापमान लागतं. ओलं लाकूड तिथवर पोचूच देत नाही. त्यातल्या एकेक किलो पाण्याची वाफ करण्यातच सव्वादोन मेगाज्यूलहून जास्त उष्णता खर्ची पडते. म्हणून ओलावा २० टक्क्यांच्या आतच हवा. रात्रभर पुरावी म्हणून हवेची झडप जवळजवळ बंद करून शेगडी धुमसत ठेवतात, तेही सोडा. लहान पण जोमदार जाळ बरा.

पाइपावर चुंबकाने चिकटणारा तापमापक लावा. तो पत्र्याचं तापमान दाखवतो, आतला धूर त्याहून बराच गरम असतो, हे ध्यानात ठेवून आकडा वाचा. आणि पाइपाची सफाई वर्षातून एकदा तरी, थंडी सुरू होण्याआधी उरकून घ्या.