ठेव आणि शेअर: दोन वेगळ्या रांगा

(नौपाड्यातील ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, इथे येताना गोखले रोडवर बँकांच्या किती पाट्या दिसल्या? आपण ठाणेकर बँकांच्या गराड्यातच राहतो. शाखेतली माणसं आपल्याला नावानिशी ओळखतात. त्यामुळे बँकेचा शेअरही ठेवीइतकाच भरवशाचा, असं आपण धरून चालतो. ही गल्लत करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. (सहकारी बँकेच्या शेअरबद्दल मी बोलत नाही. तो दर्शनी किमतीलाच परत होतो, त्याला बाजारभाव नसतो.)

नोव्हेंबर २०२० आठवा. १७ तारखेला लक्ष्मी विलास बँकेवर निर्बंध आले, खात्यातून २५ हजारांच्या वर रक्कम निघेना. दहा दिवसांत ती डीबीएस बँक इंडियात विलीन झाली. ठेवीदारांचा पै न पै शाबूत राहिला. भागधारकांना काय मिळालं? काहीच नाही. त्यांचं भांडवल पूर्ण पुसलं गेलं.

असं का होतं, ते फळ्यावर मांडतो. बँकेने १०० रुपयांची कर्जं दिली आहेत असं धरा. त्यात भागधारकांचे साधारण १०, बाकीचे ९० ठेवींचे आणि उसनवारीचे. ठेवी आणि उसनवारी आधी पूर्ण फेडायची असते, तोटा पहिल्यांदा भागधारकांच्या वाट्याला येतो. म्हणजे त्या १०० मधले ५ रुपये कायमचे बुडाले, की भागधारकांचं निम्मं भांडवल गेलं. आता उलट बघा. सगळा खर्च आणि कर भागवून शंभरामागे दीड रुपया उरला, तर तो त्या १० रुपयांवरचा नफा, म्हणजे १५ टक्के! वर्षानुवर्षं असा नफा धंद्यात परत घालणारी बँक भागधारकाला खरोखर श्रीमंत करते. बुडवते तीही हीच, दुसऱ्यांच्या पैशावर चालणारी तरफ.

माझ्या थोरल्या भावाची वही माझ्याजवळ आहे. एका बँकेचा शेअर त्याने १८० ला घेतला, मग १२० ला, मग ७० ला. प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने लिहिलंय, 'ॲव्हरेज', म्हणजे पडत्या भावात आणखी घेऊन सरासरी खरेदी किंमत खाली आणायची. त्या काळातले तिमाही निकाल आम्ही दोघांनीही उघडून पाहिले नाहीत. थकीत कर्जं दर तिमाहीला फुगत होती आणि त्यांच्यासाठी बाजूला काढलेली रक्कम, म्हणजे तरतूद, जागच्या जागी होती. पुस्तकी मूल्याच्या, म्हणजे बँकेच्या हिशेबात एका शेअरमागे दिसणाऱ्या भांडवलाच्या, निम्म्याने शेअर मिळतोय म्हणून आम्ही खूश होतो, पण ते मूल्यच पोकळ होतं.

म्हणून स्वस्ताईला नाही म्हणायचं, असंही नाही. मार्च २०१८ मध्ये बँकांचा ढोबळ एनपीए, म्हणजे एकूण कर्जांत थकलेल्या कर्जांचा वाटा, ११ टक्क्यांच्या वर होता, मार्च २०२४ पर्यंत तो ३ टक्क्यांखाली आला. २०२० च्या पडझडीत निकाल वाचून सरकारी बँकांचे शेअर घेणाऱ्यांना भरघोस मिळालं.

मघाशी एका ताईंनी विचारलं, "एफडी मोडून बँकेचे शेअर घेऊ का?" नाही ताई. ठेवीला व्याजासकट पाच लाखांपर्यंत विमा आहे, शेअरला एक रुपयाचाही नाही. एफडी राहू द्या. शेअरसाठी एफडीबाहेरचे, पाच-सात वर्षं लागणार नाहीत तेवढेच पैसे काढा, आणि तेही एकाच बँकेच्या शेअरमध्ये घालू नका.