चाळीस गुणांचं गणित

नमस्कार श्रोतेहो.

6 डिसेंबर 2020. बहारीनचं साखीर सर्किट, तेही त्याचा साडेतीन किलोमीटरचा बाहेरचा छोटा मार्ग. फॉर्म्युला टू म्हणजे फॉर्म्युला वनच्या एक पायरी खालची मालिका. तिच्या हंगामातली शेवटची शर्यत मुंबईच्या जेहान दारूवालानं जिंकली. फॉर्म्युला टूमध्ये शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय. पण वर्षाच्या एकूण क्रमवारीत जेहान बारावा राहिला, आणि बाराव्या क्रमांकाला सुपर लायसन्सचा एकही गुण नाही. त्याच्याच कार्लिन संघातला युकी त्सुनोदा तिसरा आला आणि पुढच्या वर्षी थेट फॉर्म्युला वनमध्ये बसला. दोघांच्या गाड्या एकाच बनावटीच्या होत्या.

सुपर लायसन्स म्हणजे फॉर्म्युला वनचा परवाना. त्यासाठी तीन वर्षांत 40 गुण जमवावे लागतात आणि ते शर्यती जिंकून मिळत नाहीत, हंगामाच्या शेवटी कितवे आलात त्यावर मिळतात. फॉर्म्युला टूमध्ये पहिल्या तिघांना पूर्ण 40, चौथ्याला 30, पाचव्याला 20, सहाव्याला 10. सातव्याला फक्त 8. चौथा आणि सातवा यांच्यात गाडीच्या वेगाचा फरक कधी कधी सेकंदाच्या दहाव्या भागाइतकाही नसतो, पण परवान्याच्या हिशेबात तो 22 गुणांचा होतो. जेहाननं 2019 मध्ये प्रेमा संघाकडून फॉर्म्युला थ्रीमध्ये, म्हणजे आणखी एक पायरी खाली, तिसरा क्रमांक मिळवला, त्याचे 20 गुण. पुढे 2021 आणि 2022, दोन्ही वर्षं तो फॉर्म्युला टूमध्ये सातवा आला. 2022 ला इटलीतल्या मोन्झाची मुख्य शर्यत जिंकूनही सातवाच.

मग एवढे गुण जातात कुठे? बरेचसे शुक्रवारी जातात. फॉर्म्युला टूमध्ये सरावाला पाऊण तास मिळतो आणि लगेच अर्ध्या तासाची क्वालिफायिंग, म्हणजे शर्यतीत कोण कितव्या जागेवरून सुटणार हे ठरवणारी वेळेची चाचणी. या गाड्यांना टायर गरम ठेवणारी ब्लँकेट्स वापरता येत नाहीत. पिटमधून निघताना टायर थंडगार असतो, आणि पहिल्या एक-दोन फेऱ्यांत त्याला बेतानं तापवावं लागतं. घाई केली तर रबराचा वरचा थर तापतो, आतला गाभा थंडच राहतो. मग वळणावर गाडी सरकते, रबराचे दाणे सुटून पृष्ठभागावरच चिकटतात आणि पकड जाते. फार जपून चालवलं तर पुढचे टायर तापतच नाहीत, गाडी वळायलाच तयार होत नाही. नव्या टायरची खरी धार एक-दोन फेऱ्यांचीच. त्याच फेरीत कुणी पुढे आडवा आला, पिवळं निशाण फडकलं, की अख्ख्या शनिवार-रविवारचं गणित बिघडतं.

शर्यतीतही बरीचशी लढाई टायरशीच असते. साखीरच्या त्याच शर्यतीत सुरुवातीच्या झटापटीत मिक शूमाखरची चाकं ब्रेकखाली लॉक झाली. चाक फिरायचं थांबतं, गाडी मात्र पुढे घसरत राहते, आणि टायरचा एकच भाग रस्त्यावर घासून सपाट होतो. त्यानंतर प्रत्येक फेरीत गाडी थरथरते, आणि पुढच्या वेळी ब्रेक लावला की चाक नेमकं त्याच सपाट जागेवर पुन्हा लॉक होऊ पाहतं. शूमाखर तेव्हा गुणतक्त्यात पहिला होता. त्या शर्यतीत तो अठराव्या क्रमांकावर घसरला. विजेतेपद मात्र आधीच्या गुणांच्या जोरावर त्यानं राखलं. एका चुकीनंतरही तग धरता येईल एवढी शिल्लक आधीच्या महिन्यांत जमवलेली असणं, हीच या खेळातली खरी कमाई आहे.

शरीराचं थोडक्यात सांगतो. फॉर्म्युला टूच्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही, इंजिन साधारण 620 अश्वशक्तीचं. डोकं आणि हेल्मेट मिळून सहा-सात किलो भरतं. वेगवान वळणावर वजनाच्या चौपट ओढ बसली की मानेवर पंचवीस किलोंच्या आसपास भार येतो, तो प्रत्येक फेरीत. म्हणून मानेचे व्यायाम रोजचे असतात.

जेहान 2023-24 ला मासेराटी संघाकडून फॉर्म्युला ई या विजेवरच्या मालिकेत उतरला. तिथे टायरऐवजी वीज जपायची. बॅटरीतली वीज पूर्ण शर्यतीला पुरत नाही. साधारण 40 टक्के ऊर्जा ब्रेकिंगमधून परत मिळवावी लागते. म्हणून ड्रायव्हर वळणाच्या बराच आधी पाय उचलतो, गाडी तशीच घरंगळू देतो आणि मग ब्रेक लावतो. मागच्या चाकांना नेहमीचे ब्रेकच नाहीत, ते काम मोटर करते.

आता ज्या घरात एखादी मुलगी किंवा मुलगा कार्टिंगचा, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यतींचा, हट्ट धरून बसला आहे, त्यांच्यासाठी. कोल्हापूरच्या ट्रॅकवर जा किंवा आणखी कुठे, सुरुवात कार्टनंच होते. कार्टला धक्के झेलणारं सस्पेन्शन नसतं आणि मागची दोन्ही चाकं एकाच सरळ दांड्यावर घट्ट बसवलेली असतात. वळताना दोन्ही चाकं सारखीच फिरणार, पण आतल्या बाजूचं अंतर कमी. त्यामुळे वळणात आतलं मागचं चाक किंचित उचललं जायलाच हवं. ते उचललं नाही तर कार्ट वळणाच्या मध्यावर अडखळतं आणि इंजिनाच्या फिरण्याचा वेग पडतो. पालकांना वाटतं इंजिन कमजोर आहे, आणि नव्या इंजिनावर मोठा खर्च होतो. दोष बहुतेक वेळा सीटमध्ये निघतो. मूल वर्षभरात वाढतं, वजन बदलतं, सीट मात्र जुन्याच जागी राहते. ती एक सेंटिमीटर वर घेऊन पाच फेऱ्या मारून पाहा, वेळ लिहा, मगच दुसरा बदल करा. एका वेळी एकच.

आणखी एक. सकाळी हवा थंड आणि दाट असते, तेव्हा कार्बोरेटरचा जेट, म्हणजे इंधन सोडणारं छिद्र, मोठा हवा. दुपारी लावलेला छोटा जेट तसाच ठेवून दुसऱ्या दिवशी पहाटे कार्ट पळवलं, तर इंधन कमी पडून पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून बसतो. त्या दिवसाचा सराव तिथेच संपतो. हवेचं तापमान, जेटचा नंबर, थंड टायरमधली हवा आणि फेरीची वेळ, या चार गोष्टींची वही मुलानं स्वतःच्या हातानं लिहायची. वडिलांनी किंवा मेकॅनिकनं लिहून देऊ नये.