वजा पन्नास टक्के उजनी आणि नववीचा प्रकल्प

(सोलापुरातल्या एका वाचनालयात शिक्षक आणि पालकांपुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. विषय पत्रिकेवर छापलेलाच आहे, ‘विद्यार्थी आणि विश्वासार्ह संदर्भ’. समोर निम्मे शिक्षक आहेत आणि निम्मे आई-बाबा. म्हणजे प्रकल्प तपासणारे आणि प्रकल्प करणारे, दोघंही आलेत. (हशा) हसू नका, रात्री अकराला थर्माकोल कोण कापतं हे सगळ्यांना ठाऊक आहे.

प्रकल्पाची वही मी मागून उघडतो. शेवटच्या पानावर लाल स्केचपेननं ‘संदर्भ’ असं लिहिलेलं असतं, खाली दोन रेघा, कडेला वेलबुट्टी, आणि त्याखाली एकच शब्द: गुगल. फार तर गुगल, यूट्यूब. आता चॅटजीपीटीही आलंय. मला याचा राग येतो, पण तो मुलांवर नाही. एसटी स्टँडवर उतरलेल्या पाहुण्याला आपण विचारतो, कुठून आलात? तो ‘स्टँडवरून’ म्हणत नाही. बार्शी, अक्कलकोट, विजापूर, काहीतरी गाव सांगतो. गुगल हा स्टँड आहे. गाव विचारायला आपण मुलांना शिकवलंच नाही. वही तपासतानाही त्या पानावर बरोबरची खूण करून आपण मोकळे होतो. गुण पडतात मुखपृष्ठाला, चित्रांना, अक्षराला. संदर्भाच्या पानासाठी कुणी अर्धा गुण कापल्याचं मी पाहिलेलं नाही. शिवाय दुकानात तयार प्रकल्पवह्या मिळतात. त्यांत माहितीसुद्धा छापलेली असते, मुलानं फक्त नाव आणि तुकडी घालायची. त्या माहितीखाली ना लेखकाचं नाव, ना साल. आणि हे आपण मुलांच्या हातात देतो.

आता उजनी. नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या शहरात उजनीचं नाव काढलं की सगळे सावरून बसतात, आणि ते बरोबरच आहे.

२०२४ चा उन्हाळा आठवा. धरण वजा पन्नासच्याही खाली गेलं होतं. नववी-दहावीला जलसुरक्षा हा विषय आहे. शाळा सुरू झाल्यावर एका मुलीनं वहीत लिहिलं, ‘उजनी धरण वजा पन्नास टक्क्यांवर आहे, म्हणजे धरणात पाण्याचा थेंबही नाही.’ मी ते नाव न घेता वर्गात वाचून दाखवलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याचं आजोळ करमाळ्याकडे, जलाशयाच्या काठाला. म्हणाला, “सर, मामा अजून होडी घालतोय की पाण्यात. थेंब नसंल तर होडी कशी चालंल?” मुलगी लगेच म्हणाली, “पेपरात आलंय.” तो म्हणाला, “मामा तिथंच राहतोय.”

वर्गाचे दोन तट पडले. एकीकडे छापलेलं वर्तमानपत्र, दुसरीकडे डोळ्यांनी रोज पाणी बघणारा माणूस. शिक्षकाला असा तास ठरवून मिळत नाही. मी उत्तर दिलं नाही. फळ्यावर एवढंच लिहिलं: ‘वजा पन्नास टक्के, कशाचे?’

पुढच्या तासाला मुलं पुरावे घेऊन आली. बहुतेकांकडे बातम्यांची कात्रणं होती. सगळीकडे तोच आकडा, आणि कशाचे टक्के ते एकाही कात्रणात नाही. कुणी घरच्या ग्रुपवरचा ‘उजनी संपली’ असा मेसेज आणला. एकाला मात्र जलसंपदा विभागाचा रोजचा तक्ता सापडला. त्यात एकूण साठा वेगळा, उपयुक्त साठा वेगळा, मृत साठा वेगळा. उजनीची एकूण क्षमता साधारण ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट. त्यातला ६३.६६ टीएमसी हा तळाचा मृत साठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेलं पाणी. वरचा साडेत्रेपन्न टीएमसी उपयुक्त. टक्केवारी सांगतात ती फक्त या वरच्या साठ्याची. पाणी मृत साठ्याच्या पातळीला टेकलं की शून्य टक्के, त्याखाली गेलं की वजा. मग मुलांनी गणित मांडलं. साडेत्रेपन्नचे निम्मे म्हणजे पावणेसत्तावीस, ते ६३.६६ मधून गेले, उरले जवळजवळ ३७ टीएमसी. मामाची होडी चालणारच!

मग संकट खोटं होतं का? मुळीच नाही. कालवे कोरडे होते, उभी पिकं वाळत होती, शहराला प्यायला सोडायचं पाणी जपून वापरावं लागत होतं. पेपर खरा होता, मामाही खरा होता, आणि वहीतलं वाक्य मात्र चूक होतं. तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, “सर, यात गाळ धरलाय का?” मंडळी, मला त्या प्रश्नाचा फार आनंद झाला. तळाला गाळ साचतो, त्यामुळे कागदावरचे ३७ आणि प्रत्यक्षातलं पाणी यांत फरक पडतो. म्हणजे सरकारी तक्ता हाती लागला तरी काम संपत नाही. तो आकडाही कुणीतरी, कधीतरी, कुठल्यातरी पद्धतीनं मोजलेला असतो.

सोलापूरचं आणखी एक सांगतो. आपल्या एका वर्गात घरी मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी मुलं शेजारी-शेजारी बसतात. तो ‘उजनी संपली’ मेसेज तीन भाषांत फिरत होता. एक मुलगा म्हणाला, “तिन्ही भाषांत आलंय म्हणजे खरंच असणार.” आम्ही तिन्ही मेसेज शेजारी-शेजारी ठेवून मुलांकडूनच वाचून घेतले. तोच आकडा, तोच क्रम, शेवटी तीच तीन उद्गारचिन्हं. मग तीन साक्षीदार कुठले, साक्षीदार एकच! हे ज्या मुलाला नववीत कळलं त्याला पुढे कुणी सहजी फसवणार नाही. आणि याच भाषा आपलं मोठं बळही आहेत. उजनी ज्या नदीवर आहे ती भीमा पुढे कर्नाटकात जाते. तिकडे पाण्याबद्दल काय छापून येतंय ते आपल्या वर्गातलं कन्नड वाचणारं मूल सांगू शकतं. ती दुसरी, स्वतंत्र साक्ष. पुण्या-मुंबईच्या किती वर्गांना ही सोय आहे?

आपल्या जवळच्या नान्नजचं उदाहरण थोडक्यात. तिथलं माळढोक पक्ष्यांचं अभयारण्य १९७९ चं. किती मोठं? जुन्या पुस्तकांत ८,४९६ चौरस किलोमीटर, नव्यांत १,२२२. अभयारण्याच्या मूळ रेषेत गावंच्या गावं, शेतं, रस्ते सगळं आलं होतं, म्हणून क्षेत्र नंतर घटवलं. दोन्ही आकडे आपापल्या काळी बरोबरच. पण एका सामान्यज्ञान स्पर्धेत नवा आकडा लिहिणाऱ्या मुलीला चूक दिली, कारण परीक्षकांच्या हातातल्या मार्गदर्शकात जुना होता. पुस्तकाचं साल कुणी बघितलंच नाही. ती मुलगी रडत घरी गेली आणि बरोबर लिहूनही गुण जातात एवढंच शिकली. याची भरपाई कोण करणार?

चिठ्ठी आलीय, दहाच मिनिटं उरलीत. जे मांडायला आलो ते आता भरभर सांगतो.

पहिलं, संकेतस्थळ चांगलं की वाईट हे ओळखायच्या याद्या मुलांना पाठ करायला लावू नका. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासाचे प्राध्यापक, विद्यापीठाचे विद्यार्थी आणि व्यवसायानं बातम्या पडताळणारे, अशा तिघांना अनोळखी संकेतस्थळं तपासायला दिली. प्राध्यापक आणि विद्यार्थी त्याच पानावर रेंगाळले, आणि त्यांतले बरेच देखण्या मांडणीला फसले. पडताळणी करणारे मात्र लगेच पान सोडून बाहेर पडले आणि या पानाबद्दल इतर लोक काय म्हणतात ते शोधायला लागले. बाहेर पडायची ही सवय नववीत लावता येते. शाळेत संगणक कमी असले तरी बिघडत नाही. मराठी विश्वकोशाच्या नोंदीखाली लेखकाचं नाव असतं, तिथून सुरुवात करा. मुलांना हिराचंद नेमचंद वाचनालयात घेऊन जा. सोलापूर जिल्ह्याचं १८८४ चं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, आहे. त्यातून जुन्या पेठा, जुना व्यापार कळेल, आजची लोकसंख्या नाही, हेही मुलांना तिथल्या तिथे दाखवता येतं.

दुसरं, वीस पानांचा प्रकल्प नको. एक वाक्य द्या आणि ते मुळापर्यंत नेऊ द्या. उदाहरणार्थ, ‘मे १९३० मध्ये सोलापूर स्वतंत्र होतं.’ कुणी तीन दिवस लिहितं, कुणी चार. मोजायला सुरुवात कुठल्या दिवसापासून केली? इंग्रज सरकार त्याच दिवसांना दंगल म्हणतं, आपण स्वातंत्र्य म्हणतो, मग कुठला कागद कुणी, कुणासाठी लिहिला? पण सोलापूरच्या चार हुतात्म्यांना येरवड्याच्या तुरुंगात १२ जानेवारी १९३१ ला फाशी दिली, यावर कुणाचा वाद नाही. का नाही? कारण अशा तारखा तुरुंगाच्या दप्तरात त्याच वेळी लिहिल्या जातात. एवढा फरक मुलाला समजला तर माझ्या मते वर्ष सार्थकी लागलं.

तिसरं, चॅटजीपीटी. ते पुस्तकाचं नाव देतं, लेखक देतं, पान क्रमांकसुद्धा देतं, आणि कधीकधी ते पुस्तक जगात नसतंच. म्हणून नियम एकच ठेवा, पुस्तक हातात घेतल्याशिवाय वहीत लिहायचं नाही.

आणि शेवटचं, गुण. दहापैकी चार गुण संदर्भाच्या पानाला द्या. त्यात चार गोष्टी बघा: कुणी लिहिलं, केव्हा लिहिलं, त्याला कुठून कळलं, आणि त्याची नक्कल न करता दुसरं कोण तेच सांगतंय. मुख्याध्यापकांची परवानगी लागत असेल तर मी येऊन बोलतो, कुठल्याही शाळेत, कुठल्याही माध्यमाच्या. बाहेरच्या टेबलावर एका पानाचा नमुना ठेवलाय, मराठीतून आणि उर्दूतून. तेलुगू आणि कन्नडमध्ये कुणी करून देणार असेल तर आत्ताच नाव सांगा.

आता प्रश्न. मागच्या रांगेतल्या बाई मघापासून हात वर करून बसल्यात, आधी त्यांचा घेऊ.