भाद्रपदाच्या आधी

श्रोतेहो, नमस्कार.

श्रावण संपत आला. घराघरांत गणपतीची आवराआवर सुरू झाली असेल. माझ्यासारख्या जनावरांच्या डॉक्टरला मात्र भाद्रपद म्हटलं की आणखी एक गोष्ट आठवते. भाद्रपद हा कुत्र्यांचा महिना. खेड्यातल्या कुणाही म्हाताऱ्या माणसाला विचारा, तो हेच सांगेल. आपल्याकडच्या गावठी कुत्र्या बहुतेक करून पावसाळा सरताना माजावर येतात. एकीच्या मागे आठ-दहा नर लागतात, रात्रभर भांडणं होतात, त्यात कुणाचा कान फाटतो, कुणाचा पाय गाडीखाली जातो. कुत्रीचे गाभणपणाचे दिवस साधारण 63. अनंत चतुर्दशीच्या सुमारास गाभण राहिलेली कुत्री दिवाळी झाल्यावर, कार्तिकात विते. पिल्लं अंगावरचं दूध सोडून दुडदुडायला लागतात ती मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत. आणि त्याच थंडीत माझ्या दवाखान्याच्या पायरीवर खोकी येऊ लागतात.

असाच एक खोका मला विसरता येत नाही. बिस्किटांचा पुठ्ठ्याचा खोका, आत जुन्या परकराचा तुकडा, त्यावर चार पिल्लं. अंगं स्वच्छ, पोटं भरलेली. एकीच्या गळ्यात लाल दोरा बांधलेला होता, कुठल्यातरी लहान मुलानं हौसेनं बांधलेला. ती पिल्लं रस्त्यावर जन्मलेली नव्हती, हे उघड दिसत होतं. ती एखाद्या घरात, जिन्याखाली किंवा गोठ्यात जन्मली होती, कुणीतरी त्यांच्या आईला बाळंतिणीसारखं दूध-भाकरी घातली होती. चारही पिल्लं मादी होती. त्यांचे भाऊ शेजारीपाजारी, पाहुण्यांकडे वाटले गेले असणार. मादी कुणी नेत नाही. उरलेल्या माद्या खोक्यात येतात, नाहीतर बाजाराच्या मागे, हायवेच्या धाब्यापाशी, देवळाच्या पारावर सोडल्या जातात. त्यांतली एखादी जगते. सहा-आठ महिन्यांनी ती स्वतःच माजावर येते.

श्रोतेहो, आज मला बोलायचंय ते यावरच. भटक्या कुत्र्यांवरून गावोगावी वाद चाललाय. 2025 च्या ऑगस्टमध्ये तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन साऱ्या देशाच्या तोंडी झाला. 2019 च्या पशुगणनेत देशात सुमारे 1 कोटी 53 लाख भटकी कुत्री मोजली गेली, त्यांतली पावणेतेरा लाख आपल्या महाराष्ट्रात. ही सगळी कुत्री नगरपालिकेची जबाबदारी, असं आपण धरून चालतो. पण त्या लाल दोऱ्याच्या पिल्लाची जबाबदारी कुणाची होती? केंद्र सरकारनं 2023 मध्ये प्राण्यांच्या जन्मनियंत्रणाचे नवे नियम केले. त्यांत पाळीव जनावराचं लसीकरण, जंतनाशन आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी म्हटलेली आहे. हे फार थोड्यांना माहीत असतं.

दवाखान्यात नसबंदीचा विषय काढला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "मॅडम, एकदा तरी आई होऊ दे की तिला." म्हणणारी बहुतेक वेळा घरातली बाईच असते, आणि ती मनापासून म्हणते. स्वतःचं आईपण तिला आठवत असतं. मी तिला कधी हसत नाही. पण कुत्री किंवा मांजर मनात मुलाची आस धरून बसत नाही. माज हा तिच्या शरीरातल्या संप्रेरकांचा खेळ आहे. दिवस उलटले की तो ओसरतो, आणि पिल्लं झाली नाहीत म्हणून तिला मागाहून हुरहुर लागत नाही. एकदा व्याल्यानं तब्येत सुधारते, असंही काही नाही. उलट एकेका माजागणिक तिच्या शरीरात एक धोका वाढत जातो, आणि तो मला तुम्हाला नीट सांगायचाय.

माज संपल्यावर कुत्रीच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक जवळजवळ दोन महिने टिकून राहतं, ती गाभण असो वा नसो. त्यानं गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, आत स्राव साठतो. माजाच्या दिवसांत गर्भाशयाच्या उघडलेल्या तोंडातून वर गेलेले जंतू तिथे वाढतात. वर्षानुवर्षं असं होत राहिलं की एक दिवस गर्भाशयात पू भरतो. याला आम्ही पायोमेट्रा म्हणतो. स्वीडनमध्ये बऱ्याच कुत्र्यांचा विमा उतरवलेला असतो. त्या विम्याच्या नोंदींवरून असं दिसलं की नसबंदीचं ऑपरेशन न झालेल्या माद्यांपैकी जवळपास चौथा हिस्सा दहा वर्षांच्या आत या दुखण्यात सापडतो.

माझ्याकडे नऊ वर्षांची एक पॉमेरेनियन यायची. घरातल्या आजोबांचा तिच्यावर फार जीव. माज होऊन महिना-दीड महिना झाला होता. ती सारखी पाणी प्यायची, जेवत नव्हती, दोनदा उलटी झाली. उन्हाळा असल्यामुळे पाणी पीत असेल, असं घरच्यांना वाटलं. मागून स्राव काहीच नव्हता, कारण गर्भाशयाचं तोंड बंद होतं. हाच प्रकार जास्त वाईट, पू बाहेर पडायला वाटच राहत नाही. चौथ्या दिवशी तिला आणलं तेव्हा पोट टम्म होतं आणि हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या. आम्ही रात्री ऑपरेशन केलं. एरवी लहान कुत्रीचं गर्भाशय करंगळीएवढंही जाड नसतं, तिचं मनगटाएवढं झालं होतं. पहाटे ती गेली. आजोबांनी मला विचारलं, "हे आधी टाळता आलं असतं का?" मी खरं ते सांगितलं. तेव्हापासून मी कुणाच्याही पहिल्या लसीच्या वेळीच हा विषय काढते, लोकांना नको असला तरी काढते.

म्हणून कुत्री माज होऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत फार पाणी पिऊ लागली, मलूल झाली, मागून घाण वासाचा स्राव दिसला, तर सकाळची वाट पाहू नका.

दुसरा धोका स्तनांच्या गाठींचा. लवकर ऑपरेशन झालेल्या कुत्र्यांत त्या कमी दिसतात, हे आम्ही शिकत आलो. किती कमी, यावर तज्ज्ञांत अजून चर्चा आहे, म्हणून मी आकडे सांगत नाही. मांजरांच्या बाबतीत मात्र स्पष्ट बोलते. मांजराच्या स्तनाची गाठ बहुतेक वेळा कॅन्सरचीच निघते.

इथे एक कळकळीची विनंती. माज थांबवायचं इंजेक्शन मिळतं. मांजराला बायकांच्या पाळणा-गोळ्या देणारे लोकही मला भेटलेत. स्वस्त पडतं, चिरफाड नाही, म्हणून बरं वाटतं. त्या औषधात असतं ते प्रोजेस्टेरॉनच्याच जातीचं रसायन. मगाशी ज्या संप्रेरकानं गर्भाशयात पू होतो असं सांगितलं, तेच आपण बाहेरून टोचत असतो. स्तनाच्या गाठीही त्यानं वाढतात. असा उपाय करू नका.

नराबद्दल लोक आणखी नाखूश असतात. "पिल्लं काही आपल्या दारात होणार नाहीत," हा एक मुद्दा, आणि दुसरा कुणी उघड बोलत नाही, पण बापयांच्या चेहऱ्यावर दिसतो. जणू त्यांच्याच मर्दपणाला कुणी हात लावतंय. त्या नराचं आयुष्य बघा. दोन गल्ल्या पलीकडची मादी माजावर आली की वाऱ्यावरून त्याला कळतं. तो जेवण सोडतो, रात्रभर रडतो, दार ओरबाडतो, सुटला की पळतो. पळालेल्यांतले काही परत येतात ते फाटलेल्या अंगानं, काही येतच नाहीत. आपल्याकडे भटक्या कुत्र्यांत संभोगातून पसरणारी एक गाठ फार आढळते. गुप्तांगावर फुलकोबीसारखी वाढते, रक्त ठिबकत राहतं. तिच्यावर उपचार आहे, दर आठवड्याला एक अशी केमोथेरपीची इंजेक्शनं काही आठवडे द्यावी लागतात. घरचा कुत्रा एका रात्रीच्या भटकंतीत ती घेऊन येतो.

बोक्याचं तर विचारूच नका. भिंतीवर, पडद्यावर उभ्यानं मुततो, तो वास जाता जात नाही, आणि मग एक दिवस पोत्यात घालून त्याला नदीपलीकडे सोडलं जातं. यात बोक्याचा दोष काय? वेळेवर ऑपरेशन झालं असतं तर बहुतेक बोक्यांची ही सवय लागतच नाही किंवा सुटते, आणि तो घरात राहतो. बोक्यांच्या मारामारीत चावण्यातून एक विषाणू पसरतो, तो त्यांची प्रतिकारशक्तीच पोखरतो. तेही टळतं.

मांजरीला भाद्रपद नाही. आपल्याकडच्या उन्हात ती जवळजवळ बारा महिने माजावर येऊ शकते. संग झाला नाही तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. पिल्लं अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहते. आणि कित्येक मांजरी चार-पाच महिन्यांच्या असतानाच माजावर येतात. "अजून तीच पिल्लू आहे हो," असं म्हणत आणलेल्या मांजरीच्या पोटात मला पिल्लं लागलेली आहेत. म्हणून मांजरीचं ऑपरेशन पाचव्या महिन्यापर्यंत उरकावं. लहान जातीच्या कुत्र्यांचं सहाव्या महिन्याच्या आसपास. लॅब्रॅडोर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींचं घाईनं करू नये. वर्षाच्या आत ऑपरेशन झालेल्या अशा कुत्र्यांत सांध्यांची दुखणी जास्त आढळली आहेत, त्यामुळे त्यांना वर्ष-दीड वर्षाचं होऊ द्यावं, आणि तोवर मादीला माजाचे तीन आठवडे बांधून, सांभाळून ठेवावं. माज चालू असताना ऑपरेशन शक्यतो नको, रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात. दोन-तीन महिने जाऊ द्यावेत.

लठ्ठपणाची भीती खरी आहे. नसबंदीनंतर जनावराला अन्न कमी लागतं, भूक मात्र वाढते. पूर्वीच्या भांड्यातला साधारण चौथा हिस्सा कमी करा, फिरायला न्या, महिन्याला वजन करा. राखण करायची वृत्ती मात्र जात नाही. माझ्याच दारातला नर सहा वर्षांपूर्वी ऑपरेशन झालेला आहे, आणि पोस्टमनला तो अजून फाटकाच्या आत येऊ देत नाही.

खर्चाचं म्हणाल तर खासगी दवाखान्यात काही हजार लागतात, हे खरं. पण तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात आधी विचारून बघा. सगळीकडे ही सोय असतेच असं नाही, पण जिथे असते तिथे फी अगदी थोडी. काही प्राणीसेवी संस्थाही शिबिरं घेतात.

आणि पाप लागेल म्हणणाऱ्यांना काय सांगू? एका बाईंनी मला हेच सांगून मांजर परत नेली होती. पुढल्या वर्षी त्याच आल्या, डोळ्यांत पाणी घेऊन. भाजीबाजारामागे सोडलेल्या पिल्लांना कुत्र्यांनी फाडलेलं त्यांनी स्वतः पाहिलं होतं. त्या दिवशी त्यांनी मांजरीचं नाव ऑपरेशनच्या यादीत घालायला सांगितलं.

तुमच्याही घरी नाव घालायचं असेल तर तयारीचं सांगते. रेबीजची लस झालेली असावी. मोठ्या जनावराला आदल्या रात्री जेवण हलकं द्या, नंतर काही नको. पाणी मात्र सकाळपर्यंत चालेल. पिल्लू लहान असेल तर इतका वेळ उपाशी ठेवू नका, किती तास ते डॉक्टरांना विचारा. मांजर उघड्या पिशवीत आणू नका, झाकणाच्या टोपलीत आणा. वय जास्त असेल तर आधी रक्त तपासून घ्या.

संध्याकाळी घरी नेल्यावर ती डुलत चालेल, घाबरू नका. भुलीचा अंमल सकाळपर्यंत राहू शकतो. पलंगावर, ओट्यावर ठेवू नका, पडते. जमिनीवर घोंगडी घाला, वारा लागू देऊ नका. दूध लगेच देऊ नका, आधी थोडं पाणी. गळ्यातली प्लास्टिकची कॉलर ती काढायला बघेल, केविलवाणी बघेल, तरी काढू नका. टाके चाटून उसवलेले मी फार पाहिलेत. दहा दिवसांनी टाके काढायला या. नराचं ऑपरेशन झालं असेल तर पुढचा महिना-दीड महिना त्याला माद्यांपासून लांब ठेवा, त्याच्यात बीज काही दिवस शिल्लक असतं. आणि त्या पहिल्या रात्री घरातल्या कुणीतरी तिच्याजवळ अंथरूण टाका. जाग आली की ती आधी ओळखीचा वास शोधते.

नमस्कार.