डाव्या क्रँकचे दोन बोल्ट

(दृश्य : पुण्यातील एका दुरुस्तीच्या दुकानात स्टँडवर टांगलेली रोड बाइक दिसते. पायडलच्या खाचांत लाल माती वाळलेली आहे.)

पावसाळा ओसरला की सिंहगडाच्या वाटेने नेमाने जाणारे सायकलस्वार दुरुस्तीच्या दुकानात बहुधा एकच तक्रार घेऊन येतात. चढावर जोर लावला की पायाखालून, प्रत्येक फेरीला एकदा, ‘कट्’ असा आवाज येतो. सपाट रस्त्यावर मात्र तो ऐकू येत नाही. समोर टांगलेली ही सायकलही तीच तक्रार घेऊन आली आहे. तिच्यावर शिमानो या जपानी कंपनीच्या १०५ मालिकेतला क्रँकसेट आहे. चेन ओढणाऱ्या, ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चेनरिंग, टोकाला पायडल बसणाऱ्या १७० मिलिमीटर लांबीच्या दोन भुजा म्हणजे क्रँक, आणि उजव्या क्रँकला कायमचा जोडलेला, २४ मिलिमीटर व्यासाचा पोकळ पोलादी ॲक्सल अशी त्याची रचना आहे. डावा क्रँक या ॲक्सलच्या दुसऱ्या टोकावरील खाचांवर बसतो आणि दोन छोट्या बोल्टांनी आवळला जातो.

या दोन बोल्टांवर केवढा भार असतो, याचा हिशेब सोपा आहे. सत्तर किलो वजनाचा माणूस आडव्या स्थितीतल्या डाव्या पायडलवर उभा राहिला, तर ॲक्सलवर सुमारे ११७ न्यूटन-मीटर पीळ पडतो, आणि तो सगळा डाव्या क्रँकच्या खाचांतून पलीकडच्या चेनरिंगकडे जातो. दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला, साडेतेरा तासांची मुदत असते. त्यांपैकी दहा तास मिनिटाला सत्तर फेऱ्यांच्या गतीने पायडल मारले, तर ही क्रिया बेचाळीस हजार वेळा घडते. खाचांमध्ये केसाएवढी फट राहिली, तरी ती तेवढ्याच वेळा ठोका खाते.

(दृश्य : दोन्ही हातांनी दोन्ही क्रँक धरून मेकॅनिक ते आडवे हलवून पाहतो.)

काहीही खोलण्यापूर्वी करायची तपासणी ही आहे. दोन्ही क्रँक एकत्र डुलत असतील, तर दोष बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे फ्रेमच्या तळाशी ॲक्सल ज्यात फिरतो त्या भागाच्या, बेअरिंगमध्ये किंवा त्याच्या बसवणीत असतो; फक्त डावा क्रँक हलत असेल, तर तोच ॲक्सलवर सैल झालेला असतो. खोगिरावर बसल्यावरच आवाज येत असेल आणि उभे राहिल्यावर थांबत असेल, तर आधी खोगीर आणि त्याखालचा दांडा, म्हणजे सीटपोस्ट, पाहावेत. एवढे न तपासता थेट बॉटम ब्रॅकेट बदलण्याची घाई अनेकदा होते, आणि नव्या बॉटम ब्रॅकेटचे पैसे मोजूनही आवाज तसाच राहतो.

या सायकलीचे दोन्ही क्रँक एकत्र हलतात, म्हणून सगळेच उतरवावे लागेल. डाव्या क्रँकचे दोन्ही बोल्ट सैल केले, टोकाची प्लास्टिकची टोपी काढली आणि सुरक्षापट्टी उचलली की क्रँक हाताने निघतो. चेन लहान चेनरिंगवरून खाली घेतली की उजवा क्रँक ॲक्सलसह बाहेर येतो. तो अडला, तर रबरी हातोड्याने हलकेच ठोकावा. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलींना कॉटर पिन असे आणि ती लोखंडी हातोड्यानेच बसे, त्यामुळे अनेक अनुभवी कारागिरांचा हात आजही आधी हातोड्याकडे जातो. त्या हातांना आवाजावरून दोष ओळखता येतो आणि ते कसब फार मोलाचे आहे. पण ॲल्युमिनियमचा क्रँक लोखंडाचा घाव सोसत नाही.

आता बेअरिंगचे कप, म्हणजे फ्रेममध्ये आट्यांनी बसणाऱ्या त्याच्या दोन वाट्या, काढायचे आहेत, आणि इथे आट्यांची दिशा ठाऊक असावीच लागते. ज्याला इंग्लिश आटे म्हणतात, त्या मापात उजव्या कपचे आटे उलटे असतात. तो कप घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो आणि उलट दिशेने फिरवल्यावर आवळतो. डावा कप नेहमीसारखा असतो. या उलट्या आट्यामागचे तत्त्व पायडलमध्ये अधिक स्पष्ट दिसते. बांगडीच्या आतल्या कडेला पेन्सिल टेकवून ती कडेकडेने एका दिशेने घरंगळत नेली, तर पेन्सिल स्वतःभोवती मात्र उलट दिशेने वळते. क्रँकच्या भोकात बसलेल्या पायडलच्या दांड्यावर पायाचा दाब कायम खाली असतो आणि क्रँक मात्र फिरत राहतो, त्यामुळे तिथे नेमके हेच घडते. डाव्या पायडलला सरळ आटे दिले असते, तर ते चालता चालता सुटत गेले असते. म्हणून त्याला उलटे आटे दिले जातात. इटालियन मापाच्या फ्रेममध्ये बॉटम ब्रॅकेटच्या दोन्ही बाजूंना सरळ आटे असतात आणि तिथे उजवा कप सुटत नाही ना, याकडे वेगळे लक्ष द्यावे लागते.

(दृश्य : काढलेल्या कपमधून गढूळ पाणी आणि तपकिरी ग्रीस ओघळते.)

हे पाणी वरून आले आहे. सीटपोस्टच्या जोडातून शिरलेले पावसाचे पाणी सीट ट्यूबमधून, म्हणजे खोगिराखालच्या फ्रेमच्या उभ्या नळीतून, खाली उतरते आणि फ्रेमच्या याच सर्वांत खालच्या पोकळीत साचते. अनेक फ्रेमना इथे तळाशी एक छोटे भोक असते. ते मातीने बुजलेले नाही ना, हे पाहण्यासाठी एक काडी पुरते. वॉशिंग सेंटरवरचा जोराचा फवारा बेअरिंगच्या रबरी सीलवर मारू नये. चेन धुण्यासाठी वापरलेले रॉकेल किंवा डिझेलही तिथपर्यंत ओघळू देऊ नये, कारण ते आतले ग्रीस विरघळवते आणि मागे कोरडे छर्रे उरतात.

फ्रेमचे आटे पुसून, ग्रीस लावून नवे कप आधी बोटांनीच फिरवावेत. दोनतीन वेढे सहज गेले नाहीत, तर पाना लावण्याआधीच थांबावे, कारण वाकडा शिरलेला कप फ्रेमचेच आटे खातो. त्यानंतर ३५ ते ५० न्यूटन-मीटर एवढा जोर द्यावा. ॲक्सलवर ग्रीसचा पातळ थर देऊन, चेनच्या वेढ्यातून तो उजवीकडून आत सारावा आणि डावा क्रँक बसवावा. ॲक्सलवर दोन ठिकाणी रुंद खाच असल्याने तो चुकीच्या कोनात बसत नाही.

पुढची पायरी सर्वांत जास्त वेळा चुकते. टोकाची टोपी क्रँक धरून ठेवण्यासाठी दिलेलीच नाही. ती फक्त आडवा प्ले, म्हणजे बाजूचा सैलपणा, काढते, आणि तिला ०.७ ते १.५ न्यूटन-मीटर, म्हणजे चिमटीच्या जोराएवढेच बळ लागते. ती ताकदीने आवळली, तर बेअरिंगवर बाजूने दाब येतो आणि नवे बेअरिंगही लवकर खरखरू लागते. टोपीनंतर सुरक्षापट्टी दाबून तिची पिन ॲक्सलच्या भोकात उतरल्याची खात्री करावी, आणि मगच दोन्ही बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे करत, १२ ते १४ न्यूटन-मीटरपर्यंत न्यावेत. दहा सेंटिमीटरच्या ॲलन कीच्या टोकाला सुमारे तेरा किलोचे वजन टांगावे, तेवढा हा जोर असतो. अंदाजाने तो साधत नाही. इथे टॉर्क रेंचच हवा.

आमच्यातल्याच एकाने टोपी घट्ट केली आणि बोल्ट केवळ टेकवून ठेवले. साठ किलोमीटरनंतर पाबे घाटात डावा क्रँक पायडलला अडकलेल्या बुटासकट निघून आला. पोलादी ॲक्सलने तोवर क्रँकच्या ॲल्युमिनियम खाचा कुरतडल्या होत्या. अशा क्रँकचे बोल्ट पुन्हा कितीही आवळले तरी तो धरत नाही. तो बदलावाच लागतो.

एक तपासणी काही क्रँकसेटच्या मालकांनी आजही करायला हवी. शिमानोने सप्टेंबर २०२३ मध्ये, १ जून २०१२ ते ३० जून २०१९ या काळात बनलेले अल्टेग्रा आणि ड्युरा-एस मालिकांचे काही अकरा-स्पीड, म्हणजे मागे अकरा गिअर असलेल्या सायकलींचे, क्रँकसेट तपासणीसाठी परत बोलावले. चिकटवून जोडलेल्या दोन भागांचे हे क्रँक एकमेकांपासून सुटू शकतात, असे कारण देण्यात आले होते. अमेरिकेतील ग्राहक सुरक्षा आयोगाच्या नोंदीत अशा ४,५१९ घटना आणि सहा जणांना झालेल्या दुखापती आहेत. जुनी सायकल विकत घेताना क्रँकच्या आतल्या बाजूची दोन अक्षरांची उत्पादनखूण वाचावी, जोडाच्या रेषेवरून नख फिरवून पाहावे आणि थोडी जरी फट जाणवली तरी ती सायकल चालवू नये.

(दृश्य : चेन अजून चढवलेली नाही, मेकॅनिक क्रँक फिरवून सोडतो आणि सीट ट्यूबवर बोटे टेकवतो.)

चेन चढवण्याआधी क्रँक असा मोकळा फिरवून पाहावा. बेअरिंगमधला अगदी बारीक कणही कानांआधी फ्रेमवर टेकलेल्या बोटांना कळतो. इथे काहीच जाणवत नाही. पायडलच्या आट्यांना ग्रीस लावून ते बसवले आहेत, कारण कोरडे ठेवलेले पोलाद घामाने आणि पावसाने ॲल्युमिनियमला असे धरते, की वर्षभराने पाना वाकतो पण पायडल निघत नाही. पहिल्या लांब फेरीनंतर ही सायकल दहा मिनिटांसाठी पुन्हा या स्टँडवर येईल आणि डाव्या क्रँकच्या दोन्ही बोल्टांना टॉर्क रेंच लावला जाईल.